अंगठा जुळला नाही, तर काय करायचं?

‘मशीन अंगठा घेत नाही, पुढच्या आठवड्यात या.’ रेशन दुकानातून, बँक मित्राकडून, पेन्शनच्या रांगेतून हे वाक्य ऐकून परतलेल्या वाचकांचे प्रश्न सतत येत असतात. आईचं थम लागत नाही, तिचं रेशन बंद होईल का? बोटांवरच्या रेषा पुसल्या की आधार रद्द होतं का? आणि गेल्या काही वर्षांत वाढलेली भीती अशी की, एकदा दिलेल्या अंगठ्याचा वापर करून कोणी खातं रिकामं केलं तर?

पहिल्या दोन प्रश्नांचं उत्तर ‘नाही’ आहे. बोट जुळलं नाही एवढ्याच कारणावरून तुमच्या हक्काचं धान्य किंवा पेन्शन कोणालाही नाकारता येत नाही. दुसऱ्या मार्गाने ओळख पटवण्याची सोय ठेवणं ही सेवा देणाऱ्याची जबाबदारी आहे. मात्र ही सोय आपणहून कोणी पुढे करत नाही, ती मागून घ्यावी लागते. म्हणून कुठे काय मागायचं ते सविस्तर सांगतो. तिसरी भीती रास्त आहे, तिच्याबद्दलही पुढे लिहिलं आहे.

यंत्र नेमकं काय तपासतं?

देशातला पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात दिला गेला. तेव्हापासून नोंदणीची पद्धत तीच आहे: दहा बोटांचे ठसे, दोन्ही डोळ्यांच्या बुबुळांची प्रतिमा आणि चेहऱ्याचा फोटो. नोंदणीच्या वेळी हे सगळं आधीच्या सर्व नोंदींशी ताडून पाहतात, म्हणजे एकाच माणसाला दोन क्रमांक मिळत नाहीत. त्यानंतर तुम्ही जेव्हा जेव्हा यंत्रावर बोट ठेवता, तेव्हा ते फक्त तुमच्याच क्रमांकासमोरच्या नोंदीशी ताडलं जातं आणि ‘हो’ किंवा ‘नाही’ असं उत्तर येतं.

ई-केवायसी असेल तर नाव, पत्ता, जन्मतारीख आणि फोटो समोरच्या संस्थेकडे जातो. बोटांचे ठसे आणि बुबुळांची नोंद मात्र कोणत्याही कारणासाठी कोणालाही द्यायची नाही, असं आधार कायद्याचं कलम २९ सांगतं. त्यामुळे अंगठा देण्याआधी ‘नुसती पडताळणी आहे की ई-केवायसी?’ हे विचारून घ्या. कशासाठी माहिती घेतली जाते आहे आणि दुसरा कोणता पर्याय आहे, हे सांगून संमती घेणं नियमांनुसार आवश्यक आहे.

‘नाही’ येण्याची कारणं वेगवेगळी असतात, आणि उपायही त्यानुसार बदलतो. म्हणून यंत्रावर आलेला संदेश वाचून दाखवायला सांगा. ३०० हा क्रमांक म्हणजे ठसा जुळला नाही. ३३० म्हणजे तुमचं बायोमेट्रिक लॉक केलेलं आहे, कदाचित घरातल्याच कोणीतरी केलं असेल. सर्व्हरशी संपर्क होत नसेल तर तुमचा ठसा तपासलाच गेलेला नाही. ‘अंगठा येत नाही’ असं सांगितल्या जाणाऱ्या कित्येक प्रसंगी अडचण नेटवर्कची असते, आणि म्हातारी माणसं आपल्याच बोटांना दोष देत घरी जातात.

बोटं झिजलेली असतील तर

ऊसतोड, वीटभट्टी, बांधकाम, धुणीभांडी, चुना आणि सिमेंट यांचं काम करणाऱ्यांच्या बोटांच्या रेषा झिजतात. वयानेही त्वचा सैल आणि कोरडी होते. इसबासारखे त्वचाविकार आणि कर्करोगावरची काही औषधं यांमुळेही ठसा पुसट होतो. हा त्या माणसाचा दोष नाही, आणि त्यासाठी कोणी अपमान करून घेण्याचं कारण नाही.

लगेच करून पाहण्यासारखं:

- हात धुऊन कोरडे करा. त्वचा फारच रखरखीत असेल तर किंचित तेल किंवा क्रीम चोळून पुसून घ्या.
- यंत्राची काच पुसायला सांगा. बोट सपाट टेकवा, जोरात दाबू नका.
- अंगठ्याचाच हट्ट नको. नोंद दहाही बोटांची आहे, कोणतंही बोट चालतं. कोणतं बोट चांगलं जुळतं हे एकदा कळलं की ते लक्षात ठेवा.
- ठसा नेहमीच नापास होत असेल तर आधार केंद्रावर जाऊन बायोमेट्रिक अद्ययावत करून घ्या. नुसत्या बायोमेट्रिकसाठी कागदपत्रं लागत नाहीत. पोचपावती जपून ठेवा, बदल झाला का हे तिच्यावरच्या क्रमांकावरून पाहता येतं.
- त्याच भेटीत मोबाइल क्रमांक जोडलेला आहे का, हे तपासा. पुढचे बहुतेक पर्याय ओटीपीवर चालतात, त्यामुळे झिजलेल्या बोटांच्या माणसाकडे जोडलेला मोबाइल असणं फार गरजेचं आहे.

अंथरुणाला खिळलेल्या व्यक्तीसाठी घरी येऊन नोंदणी करण्याची सोय आहे, तिच्यासाठी शुल्क लागतं. महाराष्ट्र आणि गोव्यासाठी आधार देणाऱ्या प्राधिकरणाचं, म्हणजे यूआयडीएआयचं, प्रादेशिक कार्यालय मुंबईत आहे. चौकशी १९४७ या टोल-फ्री क्रमांकावर करा.

रेशन दुकानात

सर्वांत जास्त त्रास इथे होतो. २०१७ च्या सप्टेंबरमध्ये झारखंडच्या सिमडेगा जिल्ह्यात ११ वर्षांची एक मुलगी गेली. आधार न जोडल्यामुळे घरचं रेशन बंद होतं आणि ती उपासमारीने गेली, असं कुटुंबाचं म्हणणं होतं. सरकारी यंत्रणेने उपासमारीची बाब नाकारली, पण देशभर वादळ उठलं. त्यानंतर त्याच वर्षी केंद्राने अपवाद कसे हाताळायचे याच्या स्पष्ट सूचना दिल्या. १९ डिसेंबर २०१७ चं मंत्रिमंडळ सचिवालयाचं पत्र त्यांपैकी महत्त्वाचं आहे, त्याची तारीख लिहून ठेवा. आधारच्या खटल्याचा निकाल २६ सप्टेंबर २०१८ रोजी लागला, तेव्हा सर्वोच्च न्यायालयासमोरही या सूचना होत्या.

त्यानुसार दुकानात हा क्रम मागा:

- तुमचा अंगठा जुळला नाही तर शिधापत्रिकेवर नाव असलेल्या घरातल्या दुसऱ्या सदस्याचा अंगठा चालतो.
- बोटं चालत नसतील तर डोळ्याने किंवा चेहऱ्याने पडताळणी.
- तीही शक्य नसेल तर नोंदणीकृत मोबाइलवर ओटीपी.
- सगळंच फसलं तर आधार कार्ड आणि शिधापत्रिका प्रत्यक्ष पाहून, वहीत नोंद करून धान्य.

शेवटचा पर्याय दुकानदार सहसा टाळतात, कारण त्या वहीबद्दल त्यांना वर उत्तर द्यावं लागतं. त्यांची अडचण खरी असेल, पण तिची किंमत तुम्ही उपाशी राहून का द्यावी? एकट्या राहणाऱ्या वृद्धांनी आणि अपंगांनी आपल्या वतीने धान्य घेणारी व्यक्ती, म्हणजे नॉमिनी, नोंदवण्याबद्दल पुरवठा कार्यालयात विचारावं.

एक मोठा गोंधळ ई-केवायसीबद्दल आहे. दरमहा धान्य घेताना दिलेला अंगठा आणि ई-केवायसी या वेगळ्या गोष्टी आहेत. धान्य कोणा एकाच्या अंगठ्यावर मिळतं, ई-केवायसी मात्र कार्डावरच्या प्रत्येकाची करावी लागते. पाच वर्षांखालच्या मुलांचं बायोमेट्रिक नसतं, त्यामुळे त्यांना ती लागत नाही. कामासाठी बाहेर असलेल्यांनी त्यासाठी गावी येण्याची गरज नाही, जिथे असाल तिथल्या रेशन दुकानात ती होऊ शकते. ‘मेरा ई-केवायसी’ या सरकारी ॲपवर चेहऱ्यानेही होते. ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबांपर्यंत ही माहिती पोचवा. नाव कमी झाल्याचं त्यांना परत आल्यावर कळतं आणि मग धावाधाव होते.

पावती घेतल्याशिवाय निघू नका. अंत्योदय कार्डाला महिन्याला ३५ किलो आणि प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो हा अन्नसुरक्षा कायद्यातला हिशोब आहे. अंगठा लागला की दुकानातल्या ई-पॉस यंत्रात पूर्ण धान्याची नोंद होते. हातात कमी आलं, तर पावतीशिवाय ते सिद्ध करणं कठीण जातं.

पेन्शन आणि हयातीचा दाखला

जीवन प्रमाण ही डिजिटल दाखल्याची सोय नोव्हेंबर २०१४ मध्ये सुरू झाली, आणि २०२१ पासून चेहऱ्याने पडताळणीही करता येते. घरातल्या कोणाच्याही अँड्रॉइड फोनवर ‘जीवन प्रमाण’ आणि ‘आधार फेस आरडी’ ही दोन ॲप घ्या, उजेडाकडे तोंड करून बसा आणि सूचनांप्रमाणे करा. फोन पेन्शनरच्याच नावावर असण्याची गरज नाही. बोटांनी दगा दिलेल्यांना हा सर्वांत सोपा मार्ग आहे.

तेही जमत नसेल तर पोस्टमनला घरी बोलावता येतं, इंडिया पोस्ट पेमेंट्स बँक नाममात्र शुल्कात ही सेवा देते. आणि कागदी दाखला बंद झालेला नाही. बँकेत प्रत्यक्ष जाऊन सही करता येते. राज्य शासनाच्या निवृत्तिवेतनधारकांसाठी कोषागार बँकेकडे यादी पाठवतं, तिच्यावरही सही चालते. ‘आता फक्त ऑनलाइनच’ असं काउंटरवर सांगितलं तर ते लेखी मागा. केंद्राच्या ८० वर्षांवरच्या पेन्शनरांना दाखला ऑक्टोबरपासूनच देता येतो, नोव्हेंबरच्या गर्दीत त्यांना नेऊ नका. भविष्य निर्वाह निधीच्या ईपीएस-९५ पेन्शनचा दाखला वर्षात केव्हाही द्या, तो दिल्यापासून वर्षभर चालतो.

ज्यांना बोटं नाहीत, ज्यांची दृष्टी नाही

अशा व्यक्तींचं आधार निघतं. बोटं नसतील तर फक्त बुबुळांवर, बुबुळं घेता येत नसतील तर बोटांवर, आणि दोन्ही शक्य नसेल तर ‘बायोमेट्रिक अपवाद’ म्हणून नोंदणी होते. केरळमधल्या कुमारकोम इथल्या, बोटं नसलेल्या एका महिलेला नोंदणी नाकारली गेली होती. डिसेंबर २०२३ मध्ये प्राधिकरणाच्या लोकांनी तिच्या घरी जाऊन नोंदणी केली आणि केंद्राने हा नियम पुन्हा बजावला. ऑपरेटर ‘सिस्टीम घेत नाही’ म्हणाला तर ‘अपवाद नोंदणी’ हेच शब्द वापरा.

बँकांच्या व्हिडिओ केवायसीत डोळे मिचकावायला सांगतात. ॲसिडहल्ल्यातून वाचलेल्या आणि अंध व्यक्तींना ते शक्य होत नाही. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवा सर्वांना वापरता येणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला, आणि केवायसीसाठी पर्यायी पद्धती ठेवण्याचे निर्देश दिले. बँकेत अडवलं तर या निकालाचा दाखला द्या.

मुलांच्या बाबतीत थोडक्यात: निळ्या बाल आधारमध्ये बायोमेट्रिक नसतं. पाचव्या आणि पंधराव्या वर्षी ते घ्यावं लागतं, आणि ५ ते ७ व १५ ते १७ या वयात ते मोफत आहे. शिष्यवृत्तीच्या अर्जाच्या वेळी अडचण नको म्हणून हे आधी उरकून घ्या.

अंगठ्याने पैसे काढताना

गावोगावचे बँक मित्र आधारशी जोडलेल्या खात्यातून अंगठ्यावर पैसे देतात. ही सोय लाखमोलाची आहे, विशेषतः जिथे बँकेची शाखा मैलभर लांब आहे तिथे. पण इथे पिन नाही, ओटीपी नाही. आधार क्रमांक, बँकेचं नाव आणि ठसा एवढ्यावर एका वेळी १०,००० रुपयांपर्यंत निघतात. आणि पासवर्ड फुटला तर बदलता येतो, अंगठा बदलता येत नाही.

ठसे कुठून चोरतात? २०१८ मध्ये तेलंगणात जमिनीच्या नोंदणी दस्तांवरच्या ठशांवरून नकली ठसे तयार करून सिमकार्डं चालू केल्याचं प्रकरण उघड झालं. २०२३ मध्ये पश्चिम बंगालमध्ये अशाच दस्तांवरून खात्यांतले पैसे गेल्याच्या तक्रारींची लाट आली. त्यामुळे खरेदीखताची, बक्षीसपत्राची प्रत व्हॉट्सॲपवर फिरवू नका. झेरॉक्स द्यायचीच असेल तर ठसे आणि आधार क्रमांक झाकून द्या.

दुसरा प्रकार जास्त साधा आणि जास्त घडणारा आहे. ‘लागला नाही, परत ठेवा’ असं सांगून दुसरा व्यवहार केला जातो. म्हणून:

- किती रक्कम टाकली हे पडद्यावर पाहा किंवा मोठ्याने वाचून घ्या, मगच बोट ठेवा.
- व्यवहार फसला असं सांगितलं तर त्याचीही पावती किंवा संदेश पाहा.
- नुसती शिल्लक विचारायची असेल तर ‘शिल्लक’ हाच पर्याय निवडला आहे ना, ते बघा.
- मायआधार संकेतस्थळावर पडताळणीचा इतिहास दिसतो, गेल्या सहा महिन्यांतल्या ५० पर्यंत नोंदी. महिन्यातून एकदा पाहायची सवय लावा.
- सिमकार्ड घेतानाही हाच धोका असतो. तुमच्या नावावर किती सिम आहेत हे संचार साथी संकेतस्थळावर पाहता येतं.

बायोमेट्रिक लॉक करावं का?

सरसकट ‘लॉक करा’ हा सल्ला मला पटत नाही. मायआधारवर किंवा आधारच्या अधिकृत ॲपवर ओटीपीने लॉक होतं. लॉक केल्यावर बोट, डोळा आणि चेहरा तिन्ही बंद होतात, ओटीपी चालू राहतो. गरजेला दहा मिनिटांसाठी उघडता येतं. ज्यांच्या हातात स्मार्टफोन आहे, जे पैसे एटीएमने किंवा यूपीआयने काढतात, त्यांनी आजच लॉक करावं. पण जी आजी दरमहा अंगठ्यावर धान्य आणि निराधार योजनेचे पैसे घेते, जिचा मोबाइल मुलाकडे पुण्यात आहे, तिचं लॉक केलं तर तिचीच अडवणूक होईल. तिच्यासाठी बँकेत अर्ज देऊन एसएमएस सूचना सुरू करणं, आणि ज्यांना अंगठ्याचे व्यवहार लागत नाहीत त्यांनी ती सोयच बंद करता येते का हे विचारणं योग्य.

पैसे गेलेच, तर

वेळ दवडू नका. सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या क्रमांकावर फोन करा, बँकेला लेखी कळवा आणि पोच घ्या. बायोमेट्रिक लॉक करा. रिझर्व्ह बँकेने जुलै २०१७ मध्ये घालून दिलेल्या चौकटीनुसार चूक तुमची किंवा बँकेची नसेल, तिसऱ्याच कोणी पैसे काढले असतील आणि बँकेची सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत तुम्ही कळवलं, तर तोटा तुमच्यावर येत नाही. चार ते सात दिवस लागले तर साध्या बचत खात्याला १०,००० रुपयांपर्यंतची मर्यादित जबाबदारी येते. तक्रारीनंतर दहा कामकाजाच्या दिवसांत रक्कम तात्पुरती खात्यात जमा करायची आणि ९० दिवसांत निकाल द्यायचा, ही जबाबदारी बँकेची.

इथे बहुतेकांना एक ठरावीक उत्तर मिळतं: ‘ठसा जुळला होता, म्हणजे पैसे तुम्हीच काढले.’ हे मान्य करू नका. ग्राहकाची जबाबदारी सिद्ध करण्याचं ओझं बँकेवर आहे. त्या वेळी तुम्ही दुसरीकडे होता याचा पुरावा, म्हणजे हजेरी, बसचं तिकीट, दवाखान्याचा कागद, जोडा आणि व्यवहार कोणत्या बँक मित्राच्या यंत्रावर झाला याची माहिती मागा. ३० दिवसांत समाधान झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा, मदतीचा क्रमांक १४४४८.

कुठे ‘नको’ म्हणता येतं?

२०१८ च्या निकालानंतर शाळाप्रवेशासाठी आधारची सक्ती करता येत नाही. बँक खातं आणि सिमकार्ड यांसाठी आधार ऐच्छिक आहे, इतर ओळखपत्रं चालतात. विमानतळावरचं डिजियात्राही ऐच्छिक आहे. चेहरा दाखवायचा नसेल तर नेहमीच्या दाराने ओळखपत्र दाखवून जा.

व्यायामशाळा, गृहनिर्माण सोसायटी, खासगी कार्यालय यांच्या हजेरी यंत्राचा आधारशी संबंध नसतो, ते ठसे त्यांच्याच यंत्रात साठतात. २०११ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांत बायोमेट्रिक ही संवेदनशील माहिती मानली आहे आणि कंपन्यांना ती लेखी संमतीने घ्यावी लागते. सोडताना ठसे पुसून टाकल्याचं पत्र मागा.

पोलिसांना आधारमधले ठसे मिळतात का, असंही विचारलं जातं. गोव्यात वास्को इथल्या २०१३ च्या गुन्ह्याच्या तपासात सीबीआयने ते मागितले होते. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि मार्च २०१४ मध्ये न्यायालयाने संमतीशिवाय माहिती देण्यास मनाई केली. पुढे कायद्यातच तरतूद झाली: उच्च न्यायालयाच्या आदेशानेही मूळ बायोमेट्रिक देता येत नाही. अटकेनंतर पोलिस स्वतः घेतात ते ठसे वेगळे, ते २०२२ च्या कायद्याखाली येतात.

तक्रार अशी लिहा

रेशनसाठी पुरवठा निरीक्षक किंवा तहसीलदार, मुंबई-ठाण्यात शिधावाटप अधिकारी. फोनवर १९६७. तिथे दाद लागली नाही तर अन्नसुरक्षा कायद्याच्या कलम १५ खालचे जिल्हा तक्रार निवारण अधिकारी. मजकूर एवढा पुरे:

‘मी (नाव), शिधापत्रिका क्र. ____, दिनांक ____ रोजी दुकान क्र. ____ येथे गेले असता ई-पॉस यंत्रावर ठसा जुळला नाही. डोळा, चेहरा किंवा ओटीपी यांपैकी कोणताही पर्याय देण्यात आला नाही. मूळ आधार कार्ड व शिधापत्रिका दाखवूनही धान्य नाकारण्यात आले. केंद्र शासनाच्या दि. १९ डिसेंबर २०१७ च्या सूचनांनुसार अपवाद नोंदवहीत नोंद घेऊन चालू महिन्याचे धान्य मिळावे व नकाराचे कारण लेखी कळवावे, ही विनंती.’

दोन प्रती करा. एकीवर तारीख, शिक्का आणि सही घेऊन ती घरी ठेवा. कार्यालयाने अर्ज घेतला नाही तर तोच स्पीड पोस्टाने पाठवा.